पार्श्वभूमी तपासणीत अडकलेला इमिग्रंट व्हिसा: चिपळूणच्या एका कुटुंबाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

चिपळूणच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि अमेरिकेचे नागरिक असलेल्या त्यांच्या भावाने मे २००६ मध्ये त्यांच्यासाठी आय-१३० हा नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज दाखल केला. तो नोव्हेंबर २००९ मध्ये मंजूर झाला आणि नागरिकांच्या भावंडांसाठी असलेल्या एफ-४ वर्गाच्या लांबलचक रांगेतून इतक्या वर्षांनी त्यांचा क्रमांक लागला. सात महिन्यांपूर्वी ताई, त्यांचे यजमान, मुलगी आणि मुलगा अशा चौघांची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत झाली. यजमान व्यापारी जहाजांवर इंजिनिअर आहेत. मुलाखतीनंतर हातात २२१-जी कलमाची चिठ्ठी आली, दोन दिवसांनी यजमानांच्या नावे डीएस-५५३५ ही पुरवणी प्रश्नावली ईमेलने आली आणि ती त्यांनी आठवड्याभरात भरून पाठवली. तेव्हापासून व्हिसाची स्थिती दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ‘नाकारले’ एवढाच शब्द दिसतो. यजमानांनी जहाजाचा नवा करार घेतलेला नाही, राहत्या घराला गिऱ्हाईक आले आहे आणि पंचविशीतल्या मुलीला स्थळे सांगून येत आहेत. अर्ज संपला का, किती थांबावे, आणि न्यायालयात जाण्याचा एका वकिलाचा सल्ला मानावा का, असे त्यांनी विचारले आहे.

अर्ज संपलेला नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानुसार वकिलातीतल्या अधिकाऱ्याला मुलाखतीनंतर व्हिसा द्यावा लागतो किंवा नाकारावा लागतो. ‘विचाराधीन’ अशी तिसरी अवस्था कायद्याने ठेवलेली नाही. त्यामुळे कागद कमी असले किंवा तपासणी बाकी असली, तरी नोंद २२१-जी खाली नकाराचीच होते. तपासणी पूर्ण होऊन पात्रता सिद्ध झाली की तीच फाइल पुन्हा उघडून व्हिसा दिला जातो. ‘नाकारले’ हा शब्द वाचून घरात रडारड झालेली मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून हे आधी लिहिले. मात्र चिठ्ठीवर दुसऱ्या कोणत्या कलमाचा उल्लेख आहे का, हे एकदा नीट पाहावे. फसवणूक, खोटे कथन किंवा गुन्हा यांची कलमे वेगळी आहेत, आणि त्यांपैकी एखादे असेल तर हे उत्तर आपल्या कामाचे नाही.

आता तपासणीत नेमके काय चालते, ते समजून घ्यावे. बोटांचे ठसे संगणकावर पडताळले जातात. त्यात वेळ जात नाही. वेळ जातो तो नावाच्या पडताळणीत, आणि त्याहून अधिक वॉशिंग्टनकडून मागवल्या जाणाऱ्या सुरक्षाविषयक अभिप्रायात. नावाची पडताळणी म्हणजे गुन्हेगारांच्या यादीत नाव शोधणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात एफबीआयच्या नोंदींमध्ये ज्यांच्यावर मुख्य फाइल आहे त्यांची नावे असतात, तशीच कुणा दुसऱ्याच्या फाइलमध्ये साक्षीदार, ओळखीची व्यक्ती किंवा केवळ उल्लेख म्हणून आलेली नावेही असतात. नावाचे भाग मागेपुढे करून आणि स्पेलिंग बदलून शोध घेतला जातो. जुळणी दिसली की ती नोंद आपल्याच माणसाची आहे की नाही, हे कोणीतरी मूळ कागद काढून वाचावे लागते, आणि जुने कागद निरनिराळ्या शहरांतल्या कार्यालयांमध्ये विखुरलेले असतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या लोकपालाने २००७ साली दिलेल्या अहवालात सव्वातीन लाखांहून अधिक अर्ज केवळ या नावपडताळणीसाठी खोळंबलेले असल्याची नोंद होती. खोळंबलेल्यांपैकी बहुतेक जण निष्कलंक होते, त्यांचा कागद फक्त वाचला गेलेला नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००८ मध्ये १८० दिवस उलटल्यास नावपडताळणीसाठी न थांबता ग्रीन कार्ड देण्याचे धोरण जाहीर झाले. अमेरिकेतले नातेवाईक फोनवर आजही ‘सहा महिने झाले की द्यावेच लागते’ असे सांगतात, ते त्या आठवणीवरून. ते धोरण अमेरिकेतच राहून अर्ज करणाऱ्यांसाठी होते. वकिलातीतून व्हिसा घेणाऱ्यांना ते लागू नव्हते. आपल्या अर्जाला कायद्याने ठरवलेली मुदत नाही, म्हणून मीही आपल्याला तारीख सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मराठी नावांच्या बाबतीत इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रचना असते. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र ‘दिलेले नाव’ म्हणून छापली जातात, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, आणि जुन्या जन्मनोंदीत तर बाळाचे नाव नसतेच. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे लाखोंनी आहेत. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्रात रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ने सुरू होते आणि उत्तरेकडच्या एखाद्या कार्यालयात ‘जी-वाय’ने. त्यातच लग्नानंतर आडनावाबरोबर स्त्रीचे पहिले नावही बदलण्याची आपली जुनी पद्धत आहे. माहेरची कुसुम सासरी माधवी झाली आणि डीएस-२६० या इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातल्या ‘पूर्वी वापरलेली नावे’ या रकान्यात तिने ‘नाही’ असे लिहिले, तर खोटे बोलण्याचा हेतू नसतानाही दोन वेगळ्या व्यक्तींचे कागद एका अर्जात आल्यासारखे दिसते. ताईंनी आपला डीएस-२६० उघडून हा रकाना आजच तपासावा. माहेरचे पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावरचे स्पेलिंग आणि राजपत्रात नाव बदलले असल्यास ती नोंद, यांपैकी काही राहून गेले असेल, तर वकिलातीला एका पत्राने स्वतःहून कळवावे. अधिकाऱ्याने शोधून काढलेली तफावत आणि अर्जदाराने आधी सांगितलेली चूक यांना मिळणारी वागणूक वेगळी असते.

यजमानांची फाइल का थांबली असावी, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. व्यापारी जहाजावरचा इंजिनिअर पंधरा वर्षांत डझनावारी देशांच्या बंदरांना लागतो, आणि त्यांत बंदर अब्बाससारखे इराणचे एखादे बंदर असले तर प्रश्न येणारच. जहाज कुठे जाणार हे इंजिनरूममधला माणूस ठरवत नाही, हे अधिकाऱ्यांनाही माहीत असते. तरी ते कागदावर यावे लागते. २०१७ पासून वापरात असलेल्या डीएस-५५३५ मध्ये पंधरा वर्षांचा प्रवास आणि त्याचा खर्च कोणी केला, पंधरा वर्षांचे पत्ते, पंधरा वर्षांच्या नोकऱ्या, आजवरच्या सर्व पासपोर्टांचे क्रमांक, भावंडे, मुले आणि आजी-माजी जोडीदार यांची नावे व जन्मतारखा, आणि मागल्या पाच वर्षांतले फोन क्रमांक, ईमेल व समाजमाध्यमांवरची खाती, एवढे विचारतात. ताई लिहितात की त्यांनी ती आठवड्याभरात भरली. मला इथेच काळजी वाटते, कारण दर्यावर्दी माणसाची ही प्रश्नावली आठवड्यात नीट भरता येत नाही.

काही वर्षांपूर्वी गुहागरकडच्या एका मोटरमनची, म्हणजे जहाजाच्या इंजिनरूममधल्या कामगाराची, अशीच प्रश्नावली आम्ही दोन पूर्ण दिवस बसून भरली होती. त्यांच्याजवळ तीन सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीच्या नोंदवह्या, होत्या, त्यांतली सर्वांत जुनी खाऱ्या हवेने फुगलेली, पानेपान चिकटलेली. सीडीसीत जहाजाचे नाव, साइन ऑन आणि साइन ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या आणि उतरण्याच्या, तारखा असतात. मधली बंदरे नसतात. ती आम्ही कंपनीकडून मागवलेल्या बंदरयादीवरून घेतली. एका करारात साइन ऑफनंतर घरी पोहोचेपर्यंतचे अठरा दिवस कुठेच सापडेनात. तेव्हा त्यांच्या पत्नीने माळ्यावरून कालनिर्णयच्या जुन्या प्रतींचा गठ्ठा काढला. दुधाचे हिशेब आणि गॅस सिलिंडरच्या तारखा यांच्यामध्ये बारीक अक्षरात लिहिले होते, ‘हे आज सिंगापूरला उतरले, हॉस्पिटल’. बोटाला दुखापत होऊन ते तिथे थांबले होते आणि स्वतःच विसरून गेले होते. ते अठरा दिवस प्रश्नावलीत गेले, कंपनीने खर्च केला हेही गेले.

म्हणून पाठवलेल्या प्रश्नावलीची प्रत काढा. सीडीसीची सर्व पाने, जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के, कंपनीची सेवापत्रे आणि बँकेत पगार जमा झालेल्या तारखा तिच्याशी ओळीने ताडून पाहा. बंद केलेले सिम कार्ड, मुलाने उघडून दिलेले आणि कधी न वापरलेले फेसबुक खाते, मुंबईत करारापूर्वी दोन महिने राहिलेले मित्राचे घर, असे काही सुटलेले आढळले तर एकच पुरवणी निवेदन तयार करा आणि ज्या ईमेलवर उत्तरे पाठवली होती त्याच ईमेलवर केस क्रमांकासह पाठवा. तो क्रमांक आजही मुंबईच्या जुन्या नावावरून ‘बीएमबी’ने सुरू होतो आणि प्रत्येक पत्राच्या विषयओळीत तो असायलाच हवा. दुरुस्त्या तुकड्यातुकड्यांनी पाठवू नयेत.

याच ओघात आणखी एक. आपल्याकडे आंदोलनात, रास्ता रोकोत किंवा भाऊबंदकीच्या भांडणात पोलिसांनी उचलून नेले आणि संध्याकाळी सोडले, किंवा प्रतिबंधक कारवाईची ‘चॅप्टर केस’ झाली, याला कोणी अटक म्हणत नाही. अर्जात मात्र ‘कधी अटक झाली आहे का’ असा प्रश्न असतो, आणि सुटका झाली, खटला चालला नाही, वीस वर्षे उलटली, यांनी उत्तर बदलत नाही. असे काही घडले असेल तर संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित नक्कल आणि तिचे इंग्रजी भाषांतर काढून ठेवावे. अशा किरकोळ कारवाईमुळे व्हिसा अडलेला मी क्वचितच पाहिला; ती लपवल्यामुळे आयुष्यभराची बंदी ओढवलेली मात्र पाहिली आहे.

थांबण्याच्या काळात प्रत्येक कागदाचे वय वाढत असते. वैद्यकीय तपासणी साधारणपणे सहा महिने वैध असते, म्हणजे आपली सर्वांची संपली आहे. ती आता स्वतःहून पुन्हा करू नका. वकिलात कळवेल तेव्हाच करा, नाहीतर चौघांचे पैसे दोनदा जातील. पासपोर्ट कार्यालयाने दिलेला पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, दोन वर्षे चालतो. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा अधिक वास्तव्य झाले असेल तर तिथलाही दाखला लागतो, आणि मस्कत-दुबईकडे नोकरी केलेली अनेक कोकणी घरे हे विसरतात. भावाचे आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र नवीन वर्ष लागले की ताज्या करविवरणासह पुन्हा मागितले जाऊ शकते, म्हणून भावाने दर एप्रिलमध्ये विवरणाची प्रत पाठवून ठेवावी. पासपोर्टची मुदत पाहा. आणि २२१-जी खाली मागितलेला कागद वर्षभरात दिला नाही तर अर्ज नव्याने करावा लागून प्रत्येकी ३२५ डॉलरचे शुल्क पुन्हा भरावे लागते, म्हणून प्रश्नावली पाठवल्याचा ईमेल आणि त्याची पोच जपून ठेवा.

यापेक्षा मोठी जोखीम व्हिसा क्रमांकांची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. एफ-४ वर्गात साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० क्रमांक असतात, त्यांतून मुले आणि जोडीदार यांचेही क्रमांक जातात आणि कोणत्याही एका देशाला एकूण क्रमांकांच्या साधारण सात टक्क्यांची मर्यादा असते. क्रमांक खर्ची पडतो तो व्हिसा देण्याच्या वेळी, मुलाखतीच्या वेळी नव्हे. म्हणजे तपासणी चालू असताना कोणत्या तारखेपर्यंत दाखल झालेल्या अर्जांना क्रमांक मिळेल हे दरमहा सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारताची तारीख आपल्या अर्जाच्या मे २००६ च्या मागे सरकली, तर तपासणी पूर्ण होऊनही ती तारीख पुन्हा पुढे येईपर्यंत व्हिसा मिळत नाही. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ही मागे सरकण्याची भीती तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, जास्त असते. दर महिन्याला ते एक पान पाहण्याची सवय ठेवा.

आता मुलीबद्दल. तिचे वय एकवीसच्या पुढे गेले तरी ती या अर्जात कशी, हे भाऊ-वहिनींना समजत नसल्याचे ताईंनी लिहिले आहे. याचे कारण ऑगस्ट २००२ मध्ये लागू झालेला बालदर्जा संरक्षण कायदा. आपला व्हिसा क्रमांक उपलब्ध झाला त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलीचे जे वय होते, त्यातून आय-१३० अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून राहिला तो वजा करतात. आपल्या हिशेबात ती त्या दिवशी २३ वर्षे ११ महिन्यांची होती, अर्ज मे २००६ ते नोव्हेंबर २००९ असा ३ वर्षे ६ महिने पडून होता, म्हणून तिचे कायद्याच्या दृष्टीने वय २० वर्षे ५ महिने ठरते. क्रमांक उपलब्ध झाल्यापासून वर्षभरात तिच्यासाठी डीएस-२६० भरला गेला किंवा शुल्क भरले गेले, तर हे वय गोठते. मुलाखत झाली आहे त्याअर्थी ते झालेच असणार, पण ती पावती आणि तारीख आजच शोधून वेगळ्या पाकिटात ठेवा. तपासणीला आणखी वर्ष लागले म्हणून तेवढ्याने तिचे हे वय वाढणार नाही.

लग्नाने मात्र सारे संपेल. या वर्गात मुलगी आईबरोबर जाऊ शकते ती अविवाहित असेपर्यंतच, आणि केवळ व्हिसा मिळेपर्यंत अविवाहित राहून भागत नाही. अमेरिकेच्या विमानतळावर प्रवेशाचा शिक्का बसेपर्यंत अविवाहित राहावे लागते. ‘आधी नोंदणी पद्धतीने उरकून घेऊ, समारंभ नंतर करू’ ही वाक्ये मी इतक्या घरांतून ऐकली आहेत की या जागी माझा आवाज चढतो. नोंदणी झाली की लग्न झाले, आणि विधी मंदिरात झाला तरी लग्नच. सुमारे वीस वर्षांची प्रतीक्षा एका दुपारी वाया जाते आणि ती परत मिळवता येत नाही. स्थळ पाहावे, बोलणी करावीत, साखरपुडाही करावा. पण मुलाकडच्यांना परिस्थिती स्पष्ट सांगावी. तिथे स्थायिक झाल्यावर ती लग्न करू शकते, फक्त मग नवऱ्यासाठी तिला वेगळा अर्ज करून त्याच्या रांगेत थांबावे लागेल. हा निर्णय मुलीचा आहे, आणि तिला हे सारे माहीत असताना तो तिने घ्यावा. तिला न सांगता आईवडिलांनी तो परस्पर घेऊ नये.

इथून आपल्या प्रश्नाचा खरा गाभा सुरू होतो. आपण ‘आमची फाइल अडकली आहे’ असे लिहिता, पण पुरवणी प्रश्नावली आली ती एकट्या यजमानांना. या अर्जात मुख्य अर्जदार ताई आहेत. भाऊ त्यांचा आहे. यजमान आणि मुले त्यांच्यामुळे येतात. मुख्य अर्जदाराची स्वतःची तपासणी पूर्ण असेल तर तिला व्हिसा मिळू शकतो, मुलांनाही तिच्याबरोबर मिळू शकतो, आणि लग्न आधीचे असल्याने पती मागाहून येऊ शकतो. उलट असते, म्हणजे चौकशी ताईंची चालू असती, तर कोणालाच पुढे जाता आले नसते, कारण मुख्य अर्जदाराच्या आधी कुटुंबातले कोणी प्रवेश करू शकत नाही. म्हणून चौघांचा दर्जा वेगवेगळा विचारणे, ही सात महिन्यांपूर्वीच करायची गोष्ट होती आणि ती अजून करता येईल. संकेतस्थळावर केस क्रमांकाखाली प्रत्येक व्यक्तीची अवस्था स्वतंत्र दिसते का ते पाहा आणि वकिलातीला लिहा, की पुरवणी प्रश्नावली केवळ पतीला दिलेली आहे, मुख्य अर्जदार व दोन मुले यांच्याबाबत काही प्रलंबित आहे का, आणि नसल्यास त्यांचे व्हिसा आधी देण्यास कुटुंबाची संमती आहे. ही संमती अर्जदारानेच लिहून द्यावी लागते. अनेकदा सारे कुटुंब एकत्रच जाणार असे गृहीत धरून चौघांचे कागद एका ठिकाणी ठेवलेले असतात.

पुढे जायचे की नाही, हा निर्णय सोपा नाही आणि त्याची किंमत मी लपवणार नाही. व्हिसाची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते आणि बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणीच्या मुदतीबरोबरच संपते, म्हणजे मिळाल्यावर जावेच लागते. गेल्यावर ग्रीन कार्ड टिकवायचे तर तिथे खरोखर राहावे लागते. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास परतताना प्रश्न विचारले जातात, आणि वर्षभराहून जास्त राहायचे असेल तर अमेरिकेत असतानाच अर्ज करून पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो; तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. ताईंच्या प्रवेशानंतर सहा महिन्यांच्या आत यजमान आले तर चालू हमीपत्र चालते, त्यानंतर आल्यास भावाने त्यांच्यासाठी वेगळे हमीपत्र द्यावे लागते. पन्नाशीच्या वयात नवऱ्याला मागे ठेवून परक्या देशात भावाच्या घरी राहणे ताईंना जमेल का, सासूबाईंचे कोण पाहणार, हे मी ठरवू शकत नाही. माझे मत विचाराल, तर मुलीचे संरक्षण आणि बुलेटिनची तारीख या दोन गोष्टी हातात आहेत तोवर ताईंनी दोन्ही मुलांसह प्रवेश करावा. यजमानांचा मागाहून येण्याचा हक्क नाते टिकून आहे तोवर राहतो. मुलीचा हक्क तसा टिकाऊ नाही. तो जायला एक लग्न पुरे, आणि तारीख मागे सरकली तर तेवढा काळ तिला अविवाहित राहून थांबावे लागेल.

घर विकू नका. व्हिसा हातात येईपर्यंत परत न फिरवता येणारी कोणतीही व्यवस्था करू नये, असे अमेरिकेचे परराष्ट्र खातेही अर्जदारांना सांगत असते. गिऱ्हाईक खरेच चांगले असेल तर त्याला अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहायला द्या. मुलाचे कॉलेज, विमा, पीपीएफ, सगळे चालू ठेवा.

विचारणा कशी आणि किती करावी, यावर माझे मत अनुभवाने बदलले आहे. पूर्वी मी दर पंधरवड्याला ईमेल पाठवायला सांगत असे. प्रत्येक वेळी ‘आपला अर्ज प्रशासकीय प्रक्रियेत आहे’ एवढेच ठरावीक उत्तर येई आणि घरच्यांचा धीर मात्र आणखी खचत असे. आता मी दोन-तीन महिन्यांतून एक पत्र पुरे म्हणतो, आणि त्यात काहीतरी नवे असावे असा आग्रह धरतो, म्हणजे पुरवणी निवेदन, नवा पत्ता, ताजे करविवरण किंवा वर सांगितलेली संमती. रात्री उठून संकेतस्थळ पाहणे बंद करा. ‘शेवटचा बदल’ ही तारीख बदलली म्हणजे फाइलला कोणीतरी हात लावला, एवढाच त्याचा अर्थ.

यापेक्षा वजनदार मार्ग भावाकडे आहे. तो नागरिक आहे, मतदार आहे, आणि त्याच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या प्रतिनिधीच्या, स्थानिक कार्यालयात अशा विचारणांसाठी वेगळे कर्मचारी असतात. गोपनीयतेच्या कायद्यानुसार संमतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो, सोबत घटनाक्रमाचे एक पान जोडावे. एका वेळी एकाच कार्यालयाकडे जावे. प्रतिनिधी आणि दोन्ही सिनेटर यांना एकदम लिहिले की तिघांनाही तेच उत्तर मिळते. या विचारणेने तपासणी लवकर होईलच असे नाही, पण हरवलेला ईमेल, वाचायचे राहून गेलेले उत्तर, चुकीच्या ठिकाणी पडलेला कागद असे दोष तिच्यामुळे उघडकीस येतात. ‘आत ओळख आहे, क्लिअरन्स काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ही तपासणी पैशाने लवकर होण्याची सोयच नाही.

न्यायालयाचा मार्ग खरा आहे, पण वकिलाने सांगितला तितका सरळ नाही. सरकारने अवाजवी विलंब केला म्हणून निर्णय देण्याचा आदेश मागणारा मँडामसचा दावा भाऊ आणि ताई मिळून अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयात करू शकतात. दाखल करण्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे आणि वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट. उत्तर देण्यास सरकारला साठ दिवस मिळतात आणि कित्येकदा त्या साठ दिवसांतच वकिलातीत फाइल हलते. कॅलिफोर्निया ज्या नवव्या सर्किटमध्ये, म्हणजे संघीय अपील न्यायालयाच्या विभागात, येते, तिथे १९९७ सालचा पटेल विरुद्ध रीनो हा निकाल आहे, आणि तो मुंबईच्याच वकिलातीने रखडवलेल्या अर्जांविषयीचा आहे. अंतिम निर्णय न देता अर्ज लोंबकळत ठेवला असेल तर न्यायालय हस्तक्षेप करू शकते, असे तिथे ठरले. दुसरीकडे जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या डी.सी. सर्किटने करीमोवा प्रकरणात २२१-जी खालचा नकार हाच निर्णय मानून अशी मागणी फेटाळली. त्यामुळे दावा कुठे दाखल होतो, याला आज फार महत्त्व आहे, आणि आपल्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा. विलंब अवाजवी आहे की नाही, हे ठरवताना न्यायालये १९८४ च्या एका निकालातले निकष लावतात, आणि त्यांत सात महिने सहसा पुरेसे ठरत नाहीत. शिवाय न्यायालय निर्णय द्यायला लावते, व्हिसा द्यायला लावत नाही. यजमानांच्या प्रश्नावलीत चुका राहिल्या असतील तर घाईने मिळालेला निर्णय खरा नकार ठरू शकतो. आधी ती प्रश्नावली दुरुस्त करा, काँग्रेस सदस्याकडून विचारणा करा, आणि उत्तरे पाठवल्याला सव्वा-दीड वर्ष होऊनही काही हलले नाही तर दाव्याचा विचार करा. मुलीवर किंवा तारखेवर खरोखर संकट दिसले तर त्याआधीही करा.

यजमानांनी करार घ्यावा का, हे राहिले. घ्यावा. सात महिने बिनपगारी घरी बसलेला इंजिनिअर आणि रोज संध्याकाळी तोच विषय, याचा त्रास घरातल्या प्रत्येकाला होतो, आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी नोकरी सोडून बसावे असे कोणीही सांगितलेले नाही. चार महिन्यांचा छोटा करार मिळाला तर बरे. मधेच सोडवून आणण्याची अट कंपनीकडून लेखी घ्यावी. जहाजाचा मार्ग आधी विचारावा आणि पर्याय असेल तर इराणकडे जाणारे जहाज टाळावे. साइन ऑनची तारीख, जहाजाचे नाव आणि परतण्याचा अंदाज वकिलातीला एका ओळीच्या ईमेलने कळवावा, आणि जहाज ज्या ज्या बंदराला लागेल त्याची नोंद यजमानांनी त्याच दिवशी स्वतःच्या वहीत करावी.